गोठलेल्या सरोवरावरील मासेमारी

एखाद्या तळ्याच्या काठी गळ टाकून तासन्‌तास स्वस्थ बसलेला मनुष्य आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला असेल. काठी, दोरा, आमिष आणि धीर एवढेच त्याचे भांडवल. परंतु तोच मनुष्य काठ सोडून तळ्याच्या मध्यापर्यंत चालत गेला, तेथे सुताराप्रमाणे गिरमिट फिरवून त्याने पायाखाली भोक पाडले आणि पालथ्या बादलीवर बसून त्या भोकातून तो मासे काढू लागला, असे कोणी सांगितले तर आपण त्याला थापाड्या म्हणू. आपल्या बेळगावात थंडी कितीही कडक पडली तरी किल्ला तलावावर बर्फाचा पापुद्रादेखील धरत नाही. तेव्हा आपला अविश्वास स्वाभाविकच आहे. तथापि उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशात ही गोष्ट दर हिवाळ्यात घडते आणि तीत आबालवृद्ध भाग घेतात. तिची हकीकत मनोरंजक आहे यात शंका नाही. पण केवळ मनोरंजनासाठी आम्ही ती सांगत नाही. या मासेमारीत मनुष्याला पावलोपावली मोजमाप करावे लागते. प्रथम बर्फ मोजावा लागतो, मग मासे मोजावे लागतात आणि शेवटी दिवसही मोजावे लागतात. ही तीन मोजमापे कशासाठी करावयाची, हे या लेखात पाहावयाचे आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विस्कॉन्सिन नावाचे एक राज्य आहे. त्याची राजधानी मॅडिसन. मेंडोटा आणि मोनोना या दोन सरोवरांमधील चिंचोळ्या भूपट्टीवर हे शहर वसले आहे. पैकी मेंडोटा हे मोठे; त्याचे क्षेत्रफळ सुमारे 40 चौरस किलोमीटर असून सर्वांत खोल जागी पाणी 25 मीटरपर्यंत आहे. याहारा नावाची नदी या सरोवरांना एकमेकांशी जोडीत वाहते. तेथील मूळचे रहिवासी होचंक लोक या प्रदेशाला 'तेजोप' म्हणजे 'चार सरोवरे' म्हणत. सरोवराच्या दक्षिण काठावर विस्कॉन्सिनचे विद्यापीठ आहे. एडवर्ड बर्ज आणि चॅन्सी जुडे या दोन शास्त्रज्ञांनी येथेच सरोवरांच्या पद्धतशीर अभ्यासाचा अमेरिकेत पाया घातला. अशा या शहरात डिसेंबर संपता संपता लोकांचे डोळे सरोवराकडे लागतात. बर्फ धरला की लोक आपापली घसरगाडी ओढीत त्यावर उतरतात.

ते कोणते मासे धरावयास जातात? त्या लोकांनी काही लहान, चविष्ट माशांना मिळून एक गमतीदार नाव दिले आहे. त्याचा अर्थ 'तव्यातला मासा'. अख्खा मासा तव्यात मावावा, एवढाच त्याचा आकार; म्हणून हे नाव. त्यांत मुख्य तीन. पहिला ब्लूगिल. हा चपटा, तळहातापेक्षा थोडा मोठा असतो. त्याच्या कल्ल्याच्या झाकणावर निळसर झाक आणि टोकाशी काळा ठिपका असतो. दुसरा पिवळा पर्च. त्याच्या सोनेरी अंगावर वरून खाली उतरणारे गडद पट्टे असतात. तिसरा क्रॅपी, हा रुपेरी असून त्याच्या अंगावर काळे शिंतोडे उडाल्यासारखे दिसतात. या माशांचे मांस पांढरे व गोडसर असते. विस्कॉन्सिनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी तळलेल्या माशांचे जेवण करण्याची जुनी चाल आहे. आपल्याकडे बांगडा रवा लावून तव्यावर टाकला की घरभर जो वास दरवळतो, तो ज्यांना ठाऊक आहे त्यांना या चालीविषयी अधिक सांगावयास नको.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सरोवर गोठते, तर त्यातले मासे मरत कसे नाहीत? याचे उत्तर पाण्याच्या एका विलक्षण गुणधर्मात आहे. बहुतेक पदार्थ थंड होताना आकुंचन पावतात आणि जड होतात. पाणीही तसेच वागते. पण केवळ 4 अंश सेल्सिअसपर्यंत. त्याखाली उष्णतामान गेले की ते उलट प्रसरण पावू लागते. म्हणजे 4 अंशांचे पाणी सर्वांत जड. हिवाळ्याच्या आरंभी सरोवराचा पृष्ठभाग थंड होतो, ते पाणी जड होऊन तळाशी जाते आणि खालचे वर येते. सर्व पाणी 4 अंशांवर आले की ही घडामोड थांबते. यानंतर वरचे पाणी आणखी थंड झाले तरी हलके असल्यामुळे वरच राहते आणि 0 अंशाला तेथेच गोठते. गोठताना त्याचे आकारमान सुमारे एक-अकरांशाने वाढते. म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो. अशा रीतीने सरोवर वरून खाली गोठत जाते, तळापासून वर नव्हे. एकदा वर बर्फाचे झाकण बसले की तेच झाकण खालच्या पाण्याचे वाऱ्यापासून आणि थंडीपासून रक्षण करते. बाहेर उणे 20 अंशांची हवा असली तरी खोल पाण्याचे उष्णतामान दोन ते चार अंशांच्या आसपास टिकून राहते. पाणी जर इतर पदार्थांसारखे वागते, तर थंड देशांतील उथळ तळी तळापासून गोठून गेली असती आणि त्यांत मासा म्हणून उरला नसता.

विद्यार्थ्यांनी घरी एक सोपा प्रयोग करून पाहावा. काचेच्या पेल्यात बर्फाचा खडा टाकून पेला काठोकाठ पाण्याने भरावा. खड्याचा थोडासा भाग पाण्याबाहेर राहील; बाकीचा सर्व पाण्यात बुडालेला असेल. खडा पूर्ण वितळला तरी पाणी सांडत नाही, हे पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटते. पण गोठताना जेवढी जागा वाढली होती तेवढीच वितळताना कमी झाली, हे ध्यानात घेतले की उलगडा होतो. सरोवरावरही हेच दिसते. 30 सेंटिमीटर जाडीच्या बर्फाला भोक पाडले की पाणी त्यात वर चढते आणि पृष्ठभागाच्या सुमारे अडीच सेंटिमीटर खाली येऊन थांबते. अख्ख्या सरोवराचे झाकण पेल्यातल्या खड्याप्रमाणेच तरंगत असते.

झाकणाखाली जीवन चालू असते, परंतु मंद गतीने. माशाचे रक्त भोवतालच्या पाण्याइतकेच थंड असते. त्यामुळे थंडीत त्याच्या शरीराचे सर्व व्यापार संथ होतात. त्याला अन्न थोडे लागते आणि तेही फार पाठलाग न करता मिळालेले हवे असते. पर्चचे थवे खोल पाण्यात पाणपिसवांसारखे सूक्ष्म जीव आणि तळच्या गाळातील अळ्या टिपीत फिरतात. ब्लूगिल बहुधा पाणवनस्पतींच्या आसऱ्याने राहतात. या वनस्पतींना बर्फातून प्रकाश मिळाला तर त्या प्राणवायू देत राहतात. पण बर्फावर हिमाचा जाड थर साचला की खाली अंधार होतो आणि प्राणवायू कमी होऊ लागतो. उथळ तळ्यांत यामुळे कधी कधी हजारो मासे गुदमरून मरतात. मेंडोटासारख्या मोठ्या व खोल सरोवरात प्राणवायूचा साठा भरपूर असल्यामुळे हे संकट येत नाही.

मासा मंद झाला म्हणून मासे धरणाऱ्याची साधनेही नाजूक असतात. काठी हाताएवढीच, फार तर पाऊण मीटर लांबीची. कारण भोक पायाशीच असते, दूर फेकण्याचा प्रश्नच नसतो. दोरा केसासारखा बारीक. गळ तांदळाच्या दाण्याएवढ्या रंगीत धातूच्या थेंबाला जडवलेला असतो. आमिष म्हणून मधमाश्यांच्या पोळ्यात वाढणाऱ्या मेणपतंगाची पांढरी अळी लावतात. काठीच्या टोकाला एक नाजूक कमान बसवतात. मासा आमिष तोंडात घेतो तेव्हा हाताला काहीच कळत नाही, केवळ ही कमान किंचित लवते. भोक पाडण्याचे गिरमिट सुमारे 15 ते 20 सेंटिमीटर रुंदीचे असते. पूर्वी ते हाताने फिरवीत. आता पुष्कळजण विद्युत्‌घटावर चालणारे वापरतात. भोकात पुनःपुन्हा धरणारे बर्फाचे कण काढण्यासाठी जे साधन लागते, ते आपल्या स्वयंपाकघरातील झाऱ्यासारखेच दिसते. काही लोक वाऱ्यापासून बचाव म्हणून घडीचा तंबू उभारतात. काहींजवळ ध्वनिलहरींच्या साहाय्याने पाण्याची खोली आणि मासे दाखविणारे यंत्र असते. पण कित्येकजण अजूनही बादलीवरच बसतात, आणि घरी जाताना तीच बादली उलटी करून तीत मासे घालतात.

ही विद्या गोऱ्या वसाहतकऱ्यांनी शोधून काढली असे मात्र समजू नये. उत्तर विस्कॉन्सिनमधील ओजिब्वे लोक फार पूर्वीपासून बर्फाला भोक पाडून, त्यावर अंधारा आडोसा करून, लाकडी मासा पाण्यात खेळवीत मोठ्या माशांची भाल्याने शिकार करीत आले आहेत. त्यांच्या हातचे ते रंगविलेले लाकडी मासे आज कलावस्तू म्हणून वाखाणले जातात.

आता पहिले मोजमाप: बर्फाचे. ज्या झाकणाने माशांचे रक्षण होते तेच माणसाच्या पायाखालची जमीन असते, आणि ही जमीन सर्वत्र सारखी नसते. शेजारच्या मिनेसोटा राज्याच्या सरकारी खात्याने यासाठी ठोकताळे दिले आहेत. नवा, पारदर्शक, टणक बर्फ निदान 4 इंच म्हणजे 10 सेंटिमीटर असल्याखेरीज त्यावर पायी जाऊ नये. बर्फावर चालणाऱ्या लहान वाहनासाठी 5 ते 7 इंच हवेत. छोट्या मोटारीसाठी 9 ते 10. ओल्या हिमापासून झालेला पांढरा बर्फ निम्माच बळकट असतो. म्हणून त्याची जाडी दुप्पट हवी. हे आकडे देऊनही ते खाते बजावून सांगते की, कोणताही बर्फ पूर्णपणे सुरक्षित नाही. कारण उघड आहे. नदी जेथे सरोवराला मिळते, जेथे तळाशी झरे आहेत, जेथे पूल आहेत, तेथे पाणी हलते राहते व बर्फ पातळ राहतो. वर हिमाची दुलई पसरली असली तर तिच्या उबेने बर्फ सावकाश वाढतो, आणि खालची पातळ जागा डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून जाणता मनुष्य हातात पहार घेऊन चालतो. दर काही पावलांवर ती समोर आपटतो आणि मगच पाय उचलतो. 'काल येथून अमुक गेला होता' हा पुरावा तो मानीत नाही. कालचा बर्फ आजचा नसतो. थंडीने बर्फ ताणला गेला की सरोवरभर गडगडाट होतो आणि नवख्याच्या छातीत धडकी भरते. पण तो आवाज हे बर्फ फुटण्याचे लक्षण नव्हे, तसेच शांतता हे बर्फ जाड असल्याचेही लक्षण नव्हे. भीती आणि धिटाई ही दोन्ही मापे खोटी. खरे माप पट्टीचेच.

इतके करूनही बर्फ फुटलाच तर? कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे शास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेख्त यांनी थंड पाण्यात शरीराचे काय होते याचा अभ्यास केला आहे. त्यांचे सूत्र 'एक-दहा-एक' या तीन आकड्यांत सांगता येते. पहिले एक मिनिट श्वास आवरण्याचे. या मिनिटात धाप लागते आणि घाबरलेला मनुष्य नाकातोंडात पाणी जाऊन बुडतो. नंतरची सुमारे दहा मिनिटे हातपाय कामास येतात. त्यानंतर शुद्ध हरपावयास सुमारे एक तास लागतो. म्हणजे धीर धरणाऱ्याला वेळ असतो. त्याने ज्या दिशेने आलो त्याच दिशेला तोंड करावे, कारण तिकडच्या बर्फाने आपले वजन पेलले होते. गळ्यात अडकविलेल्या दोन टोकदार खिळ्यांच्या मुठी बर्फात रोवाव्या, पोहताना मारतो तसे पाय मारून शरीर आडवे वर ओढावे, आणि वर आल्यावर उभे न राहता लोळत दूर जावे. ज्याने हे आधी शिकून ठेवले नाही त्याला ऐन वेळी ते सुचत नाही.

दुसरे मोजमाप माशांचे. मासे गळाला लागू लागले की कोठे थांबावे, हे मनुष्याला कळत नाही. ब्लूगिलच्या बाबतीत तर लोभ विशेष घातक ठरतो. उन्हाळ्याच्या आरंभी या माशांतील नर उथळ पाण्यात शेपटीने वाळू झाडून बशीसारखे घरटे करतो. मादीने अंडी घातली की ती सोडून जाते. अंड्यांवर आणि पिलांवर पहारा नरच करतो. मोठ्या नरांना चांगल्या जागा मिळतात. लहान नर वाढत राहतात आणि आपल्या पाळीची वाट पाहतात. आता हिवाळ्यात लोकांनी मोठे मासे तेवढे निवडून नेले तर काय होईल? प्रतिस्पर्धी उरले नाहीत असे पाहून लहान नर लवकरच प्रजोत्पादनास लागतात. मग त्यांचे बळ वाढीकडे न जाता घरट्याकडे खर्च होते आणि ते लहानच राहतात. काही वर्षांत तळे माशांनी गजबजलेले, पण एकही मासा तव्यात घालण्याजोगा नाही, अशी स्थिती येते. माशांची संख्या पाहून तळे समृद्ध आहे असे वाटते. खरी हानी संख्येत नव्हे, आकारात झालेली असते.

याच कारणाने विस्कॉन्सिन राज्याने 1998 साली अशा माशांची दररोजची मर्यादा माणशी 50 वरून 25 वर आणली आणि पुढे काही निवडक तळ्यांवर ती आणखी कमी केली. सोळा वर्षे व त्यावरील वयाच्या मनुष्याला मासे धरण्याचा परवानाही लागतो. पण कायद्याच्या पलीकडेही एक विवेक आहे. फार खोलातून वर काढलेल्या पर्चच्या पोटातील वाताशय पाण्याचा दाब कमी झाल्यामुळे फुगतो. तो मासा परत सोडला तरी बहुधा जगत नाही. तेव्हा 'लहान सोडून देतो, मोठा मिळेपर्यंत धरीत राहतो' हे औदार्य तेथे फसवे ठरते. घरापुरते मासे मिळाले की दोरा गुंडाळणे, हेच खरे.

तिसरे मोजमाप दिवसांचे. आणि आमच्या मते हे सर्वांत बोधप्रद आहे. मेंडोटा सरोवर कोणत्या दिवशी गोठले आणि कोणत्या दिवशी मोकळे झाले, याच्या तारखा मॅडिसनच्या लोकांनी 1850 च्या दशकापासून टिपून ठेवल्या आहेत. सरोवर गोठले हे ठरवावयाचे कसे? त्यासाठी जुन्या काळची एक साधी कसोटी आहे. पिकनिक पॉइंट नावाच्या टोकापासून पलीकडच्या मेपल ब्लफपर्यंत होडी वल्हवीत नेता येईनाशी झाली की सरोवर गोठले असे समजावयाचे. या कसोटीला यंत्र लागत नाही, लागतो तो केवळ नियमितपणा. या नोंदींतून काय दिसते? 1880-81 च्या हिवाळ्यात सरोवर 161 दिवस गोठलेले होते. 2001-02 च्या हिवाळ्यात ते केवळ 21 दिवस गोठले. 2023-24 मध्ये 44 दिवस. एखाद्या वर्षाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे, कारण हिवाळे कमीअधिक असतातच. परंतु सर्व नोंदी ओळीने मांडल्या असता, दीडशे वर्षांपूर्वीच्या मानाने बर्फाचा काळ सरासरीने सुमारे महिनाभर घटला आहे, हे स्पष्ट होते. कोळसा आणि खनिज तेल जाळून मनुष्याने हवेत जो कर्बवायू सोडला, त्यामुळे पृथ्वी तापत आहे. त्याची ही एक खूण. जपानमधील सुवा सरोवराच्या गोठण्याची नोंद तर तेथील देवस्थानचे पुजारी 1443 सालापासून ठेवीत आले आहेत, आणि तीही हीच कथा सांगते.

महिनाभर बर्फ घटला यात बिघडले काय, असे कोणी विचारील. त्याने पहिले मोजमाप आठवावे. हिवाळा बेभरवशाचा झाला की बर्फ उशिरा धरतो, मध्येच मऊ होतो आणि पुन्हा वरवर गोठतो. आजोबांनी ज्या तारखेला निर्धास्तपणे नातवाला बर्फावर नेले असेल, त्याच तारखेला आज तेथे पाणी असू शकते. जुना अनुभव हा मोठा गुरू खरा. पण ऋतूच बदलले की त्या गुरूचेही बोलणे पट्टी लावून तपासावे लागते.

आपल्याला बर्फावर कधी चालावयाचे नाही. मग या माहितीचा आपल्याला उपयोग काय? आमचे उत्तर असे की, मेंडोटाच्या काठी राहणारे जे लोक पहिली तारीख लिहून गेले त्यांनाही तिचा उपयोग ठाऊक नव्हता. आपल्या शहराला पाणी पुरविणारा राकसकोप जलाशय दर पावसाळ्यात कोणत्या दिवशी भरून वाहू लागला, शाळेच्या आवारातील आंब्याला पहिला मोहोर कधी आला, मृगाचा पहिला पाऊस कोणत्या तारखेला पडला, या गोष्टी आपल्या डोळ्यांदेखत घडतात आणि विसरल्या जातात. त्या टिपावयास एक वही आणि एक पेन्सिल पुरे. एका वर्गाने ती वही सुरू करावी, पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी आणि तीत एकाही वर्षाचा खंड पडू देऊ नये. पन्नास वर्षांनी ती उघडणाऱ्याला तीत काय सापडेल, हे आज आपण सांगू शकत नाही. म्हणूनच ती आज सुरू करावयास हवी.